न जन्मलेला आर्वो रुस्का

"माझा वेग सात?" रेमंड कोस्किनेनने कॉफीचा कप कँटीनच्या फळीवर आदळला. "सात, लॉर्न? गेल्या हिवाळ्यात त्या पोस्टमनला मी मागून येऊन गाठलं होतं. तू तिथेच होतास. गाडीवर बसून बघत होतास."

"पोस्टमनचा गुडघा बांधलेला होता."

"म्हणून काय झालं? गाठलं की नाही?"

"गाठलंस. म्हणून तर सात दिले. आधी पाच होते."

आत बटाट्याचे काप तळणारी हिल्का मागे न वळता म्हणाली, "आठ दे रे त्याला आणि मिटव एकदाचं. इथे उभा राहून गिऱ्हाईक अडवतोय."

लॉर्नने आठ दिले नाहीत. लॉर्न पेल्टोला कोणालाच काही देत नाही, अशी त्याची कॅनडातल्या आमच्या थंडर बेमध्ये ख्याती आहे. शहराच्या पश्चिमेकडच्या बर्फावरच्या हॉकीच्या एका जुन्या रिंकवर तो नोकरीला आहे. दोन सामन्यांच्या मध्ये बर्फावर गाडी फिरवून बर्फ गुळगुळीत करायचा, कॉम्प्रेसरवर लक्ष ठेवायचं, खेळाडू गेले की कपड्यांच्या खोल्या धुवायच्या. वय सत्तावन्न. बोलणं कमी, भांडणं बरीच. रिंकच्या एका दरवाजाच्या बिजागरीवरून तो पालिकेशी वर्षभर भांडला आणि शेवटी बिजागरी बदलून घेतली. हिल्का त्याची धाकटी बहीण. तिचं म्हणणं, त्या वर्षात बिजागरी तिने स्वतः दोनदा बदलली असती.

'कोल्ड बेंच' हा कॉम्प्युटरवरचा त्याच हॉकीचा गेम. त्यात खेळायचं नसतं, संघ चालवायचा असतो. कोणाला घ्यायचं, कोणाला विकायचं, गोलकीपर सलग हरायला लागला की काय करायचं, मालकाने हाकललं की कुठे जायचं. कॅनडात आणि बाहेरही तो हजारो लोक खेळतात. गेममध्ये मोठ्या व्यावसायिक लीग होत्या, युरोपातल्या होत्या, पण केनोरा गावापासून आमच्यापर्यंतच्या पट्ट्यातली एकही नव्हती. ती जागा लॉर्नने भरली. इथली सीनियर लीग म्हणजे नोकरी करून खेळणाऱ्यांची लीग. कागद गिरणीतले, धान्याच्या कोठारांवरचे, शाळेतले, रेल्वेतले पुरुष हिवाळाभर तिच्यात खेळतात. त्या प्रत्येकाला विचारून, प्रत्येकाचा खेळ बर्फाकडेला उभं राहून बघून, लॉर्नने त्यांना गेममध्ये आणलं. वेग, फटका, पकड, स्वभाव, सगळ्याला वीसपैकी गुण. त्या फाईलला तो 'उत्तरेची फाईल' म्हणतो. गेमसोबत मिळणाऱ्या एडिटरने, म्हणजे गेममधली माहिती बदलायच्या साधनाने, त्याने ती बनवली आणि कंपनीच्या फोरमवर सगळ्यांना फुकट दिली.

अशा फाईली बनवणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. दुसऱ्याची फाईल उचलून स्वतःच्या नावावर खपवणारे बरेच असतात. म्हणून फाईलमध्ये कुठेतरी एक न जन्मलेला माणूस लपवून ठेवायचा. चोराकडे तो सापडला की पुरावा आपसूक तयार. लॉर्नचा माणूस होता आर्वो रुस्का. वय एकोणीस, डावीकडून खेळणारा, जन्म जंगलातल्या अशा एका रेल्वे फाट्यावर जिथे आता गाडीसुद्धा थांबत नाही. गुण इतके वाईट की कोणी चुकूनही संघात घेऊ नये. बाकीच्यांच्या पुढे लॉर्नने नोकरीही लिहिली होती: सुतार, ड्रायव्हर, शिक्षक. आर्वोपुढे काही लिहिलं नाही. जो नाहीच त्याला कामाला कुठे लावणार?

आर्वोबद्दल दोघांना माहीत होतं. एक हिल्का, दुसरा क्लेटन मीकिस. क्लेटन सू लुकआऊटला विमानतळावर माल चढवतो. उत्तरेकडच्या ज्या वस्त्यांना रस्ता नाही त्यांचं पीठ, डायपर, इंजिनाचे भाग त्याच्या हातून जातात. दर गुरुवारी संध्याकाळी तो, लॉर्न आणि आणखी दहा जण उत्तरेच्या फाईलवर ऑनलाइन लीग चालवायचे. ती लीग इतकी वर्षं चालली होती की तिच्यात खेळाडूंच्या दुखापतींच्या आठवणी लोकांना स्वतःच्या दुखापतींपेक्षा पक्क्या होत्या.

शरद ऋतूत गेमची नवी आवृत्ती आली. कंपनीने जाहीर केलं की जुन्या आवृत्तीचा ऑनलाइन सर्व्हर जूनमध्ये बंद होईल. बाराही जणांनी चालू लीग नव्या आवृत्तीत नेली. नव्यात एकदा सेव्ह केलेली लीग जुन्यात परत उघडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी नेली, कारण दुसरा रस्ताच नव्हता.

हंगाम संपला. अंतिम फेरीचा सातवा आणि शेवटचा सामना क्लेटनच्या संघाने लॉर्नकडून जिंकला. 'पुढे' हे बटण दाबलं की नवा हंगाम सुरू होणार. लॉर्नने सवयीने आधी एक प्रत काढून तिच्यावर ते दाबून पाहिलं. पडद्यावर निवृत्तीच्या बातम्या सुरू झाल्या आणि थांबेनात. ज्या ज्या खेळाडूपुढे नोकरी लिहिलेली होती तो प्रत्येक जण निवृत्त झाला. पगार घेऊन खेळणाऱ्यांना दुसरी नोकरी नसते, त्यामुळे मोठ्या लीगमध्ये हा बग कोणाला दिसलाच नव्हता. काम करून खेळणाऱ्यांना मात्र गेम एका फटक्यात हाकलून देत होता.

"एडिटर उघड आणि नोकऱ्या पूस," क्लेटन हेडफोनवर म्हणाला.

"एडिटर आहेच कुठे? नव्यात दिलाच नाही. चालू लीगला हात लावायची सोयच काढून टाकली."

"कधी देणार म्हणतायत?"

"लवकरच."

"लवकरच म्हणजे?"

"लवकरच म्हणजे लवकरच. तेवढंच लिहितात."

लीग थांबली. 'पुढे' कोणी दाबायचं नाही असं ठरलं. दर गुरुवारी बाराही जण जमायचे, थांबलेल्या लीगकडे बघायचे आणि शिव्या घालून निघून जायचे. क्लेटन तेवढा मजेत होता. "मी इतिहासातला सगळ्यात जास्त काळ टिकलेला विजेता आहे," तो म्हणायचा. "दुरुस्ती नाही झाली तरी माझं काही बिघडत नाही. कप माझ्याकडे आहे. पुसून ठेवलाय."

लॉर्नने फोरमवर तक्रार टाकली. कधी होतं, कोणाला होतं, कोणाला होत नाही, सगळं नीट लिहिलं. उत्तर आलं: "आपल्या अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार. आमच्या समुदायाचा आवाज आम्हाला मोलाचा वाटतो. तथापि, बाहेरच्या फाईली वापरलेल्या गेममधील तक्रारींची तपासणी केली जात नाही. कृपया मूळ, न छेडलेल्या गेममध्ये ही अडचण दाखवावी."

न छेडलेल्या गेममध्ये नोकरी करणारा एकही खेळाडू नव्हता. अडचण दाखवायची कशी?

त्याने हेच लिहून पाठवलं. तेच उत्तर पुन्हा आलं, 'मनःपूर्वक'सकट. त्याने तिसऱ्यांदा लिहिलं. तिसऱ्या उत्तरात नवीन एवढंच होतं की आम्ही आपलं ऐकत आहोत.

"ऐकतायत म्हणे," लॉर्न कँटीनमध्ये म्हणाला. "मी भिंतीशी बोललो असतो तर भिंत निदान गप्प बसली असती."

"भिंतीला तू बिजागरीबद्दल लिहिलं असतंस," हिल्का म्हणाली. "हे पर्शियन खा आणि कामाला लाग." गुलाबी साखरेचा थर दिलेला तो गोड पाव आमच्याकडे रागावरचं औषध म्हणून कधी चाललेला नाही. लॉर्नने तो खाल्ला आणि रागातच गेला. त्या संध्याकाळी त्याने बर्फ इतका खरवडला की मुलींच्या संघाच्या प्रशिक्षकाने विचारलं, खाली सिमेंट शोधतोयस का?

हिवाळ्याच्या शेवटी टेसा व्होरॉसचा खाजगी निरोप आला. टेसा ही कंपनीची फोरम सांभाळणारी बाई. कंपनीच्या बाजूने जे काही लिहिलं जायचं ते तिच्या नावाने जायचं, आणि म्हणून लोकांच्या शिव्याही तिलाच पडायच्या. निरोप छोटा होता: "वसंतातल्या अपडेटपर्यंत थांबा. ते आलं की तुमची तक्रार पुन्हा टाका, अगदी तशीच. कृपया."

लॉर्नने तो हेडफोनवर वाचून दाखवला. "बघ. सहा महिने बसवून ठेवलं आणि आता म्हणते रांगेत पुन्हा पहिल्यापासून उभा राहा. वर 'कृपया'."

"'अगदी तशीच' का म्हणते ती?" क्लेटनने विचारलं.

"वेळ काढायला. दुसरं काय?"

वसंतातलं अपडेट आलं तेव्हा शहरालगतच्या सरोवराचा बर्फ अजून पूर्ण फुटलेला नव्हता. त्याच्या माहितीत एक ओळ होती: "नवीन! उत्तर-पश्चिम ऑन्टारियोची सीनियर लीग, पहिल्यांदाच, अस्सल खेळाडूंसह." लॉर्नने गेम काढून टाकला, कोरा पुन्हा बसवला, आपली एकही फाईल न घालता उघडला. सीनियर लीग. थंडर बेचा संघ. रेमंड कोस्किनेन, कागद गिरणी कामगार, वेग सात. मग त्याने एक नाव शोधलं. ते सापडलं. आर्वो रुस्का, डावीकडून खेळणारा, जन्मस्थान रेल्वे फाटा.

तो गुरुवार होता. क्लेटन हेडफोनवर होताच.

"चोर," लॉर्न म्हणाला. "सरळ सरळ चोर आहेत. मला म्हणतात बाहेरच्या फाईलीला आम्ही हात लावत नाही, आणि माझीच फाईल उचलून 'नवीन' म्हणून विकतात. 'अस्सल खेळाडूंसह' म्हणे! अस्सल आर्वो!"

"लॉर्न, एक मिनिट ऐक."

"काय ऐकू?"

"आता ती लीग न छेडलेल्या गेममध्ये आहे. म्हणजे बगही तिथेच आहे. आधी तक्रार टाक. तिने सांगितलं तशी, जशीच्या तशी. ती सुटू दे. मग त्यांना काय घालायच्या त्या शिव्या घाल, मीही येतो मदतीला."

"आधी चोरी पचवू आणि मग विनंती करू?"

"पचवू नको रे बाबा. नुसती तोंडात धर. थोडे दिवस."

लॉर्नने तोंडात काही धरलं नाही. त्याने आर्वोच्या पानाचं चित्र फोरमवर टाकलं आणि वर लिहिलं: "हा माणूस कधी जन्मलाच नाही. मी त्याला बनवला. कंपनीने तो माझ्याकडून चोरला." संध्याकाळ संपायच्या आत शेकडो उत्तरं आली. फिनलंडमधला एक, स्लोव्हाकियातला एक, सस्कॅचवानचे दोघं, असे फाईली बनवणारे एकेक करून आपापले न जन्मलेले खेळाडू शोधायला लागले. वर्षानुवर्षांचा राग होता आणि त्याला आता एक चेहरा मिळाला होता, तोही खोटा.

जी कंपनी तक्रारीवर महिनोन्महिने काही करत नव्हती ती यावेळी विजेसारखी हलली. दुसऱ्याच दिवशी नवं अपडेट: "काही माहिती परवान्याच्या कारणास्तव काढून टाकण्यात आली आहे." सीनियर लीग गेली. रेमंडसुद्धा गेला.

"मी खऱ्या गेममध्ये होतो!" रेमंड कँटीनमध्ये ओरडला. "खऱ्या! जर्मनीतल्या एखाद्या माणसाने मला संघात घेतलं असतं! आणि तू मला काढायला लावलंस?"

"त्यांनी चोरलं होतं तुला."

"चोरू दे ना! मला कोणी आजवर चोरलं नव्हतं!"

त्यानंतरच्या आठवड्यात दुपारी कँटीनचा फोन वाजला. हिल्काने उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हर भावापुढे धरला. "टेसा म्हणून कोणी आहे. शांतपणे बोलतेय. तूही तसाच बोल."

"बोला," लॉर्न म्हणाला.

"रिंकचा नंबर शोधून काढला," टेसा म्हणाली. "तुमच्याशी फोरमवरून बोलता येणार नाही. माझा पासवर्ड परवा चालेनासा झाला. नोकरी गेल्याचं त्यावरून कळलं."

लॉर्नने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तुमची फाईल आत घ्यायला मी लावली. बैठकीत सांगितलं की गेममध्ये छोट्या लीग हव्यात, आणि ही तयार आहे. त्यांना 'नवीन' म्हणायला काहीतरी हवंच होतं. मला तुमचा बग मूळ गेममध्ये आणायचा होता. दुसरी वाट नव्हती. दुरुस्ती एका ओळीची आहे, आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने लिहूनही ठेवली होती. पण तक्रारीशिवाय दुरुस्ती आत जात नाही, आणि तक्रार न छेडलेल्या गेममधलीच लागते. मी तुमच्या तक्रारीची वाट बघत बसले होते. तुम्ही आर्वोला टाकलंत."

"मला आधी सांगायला हवं होतं."

"लिहून कसं सांगू? आमचे निरोप वरचे लोक वाचतात. 'पुन्हा टाका, अगदी तशीच' याहून उघड काय लिहिणार होते मी?"

"मग निदान विचारायचं. फाईल घेण्याआधी."

"हो, विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर प्रकरण वकिलांकडे गेलं असतं, आणि तिथून काही परत येत नाही. पण हवं होतं, ते खरं आहे." ती पुढे म्हणाली, "गेमच्या शेवटी नावांची यादी येते ना, त्यात तुमचं नाव घातलं होतं मी."

"ती कोण वाचतं?"

"ज्याचं नाव असतं तो. असं मला वाटायचं."

लॉर्नने फोन ठेवला. हिल्काने विचारलं, "माफी मागितलीस?"

"तिने चूक केली होती."

"ते मी नाही विचारलं."

त्याच संध्याकाळी त्याने फोरमवर दुसरा मजकूर टाकला. आर्वोला गेममध्ये कोणी आणलं, का आणलं, बग काय आहे, दुरुस्ती कशी तयार पडून आहे, आणि तिला नोकरीवरून काढणाऱ्यांनी त्याऐवजी ती एक ओळ बदलली असती तर काय झालं असतं, हे सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं की आपण चोर म्हटलं त्यात टेसा व्होरॉसही आली, ते चुकलं. मजकूर तासाभरात काढला गेला. कारण: कर्मचाऱ्यांच्या खाजगी बाबी. सोबत त्याचं खातंही बंद झालं. त्याने पहिल्या मजकुरात कंपनीला चोर म्हटलं होतं, तेव्हा खातं चालू राहिलं होतं.

बग तसाच राहिला. आता तक्रारीला उत्तरही वेगळं मिळायला लागलं. क्लेटनने आपल्या नावाने टाकून पाहिली: "आपण उल्लेख केलेली लीग गेममध्ये अस्तित्वात नाही."

जून आला. जुना सर्व्हर बंद झाला. एडिटर लवकरच येणार होता. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी एकदाचं 'पुढे' दाबायचं ठरलं, आणि क्लेटन पाच तास गाडी हाकत थंडर बेला आला. रिंकच्या कँटीनमध्ये लॉर्नचा लॅपटॉप फळीवर ठेवला गेला. रेमंड आला, लीगमधले आणखी चौघं आले. ज्यांच्यावर लीग बनली होती त्यातलेही काही खेळाडू बातमी ऐकून आले होते. तळणाचा वास होता.

"मी दाबतो," क्लेटन म्हणाला. "कप माझ्याकडे आहे. जायचा तर माझ्या हाताने जाऊ दे."

त्याने 'पुढे' दाबलं. बातम्या वाहायला लागल्या. पोस्टमन निवृत्त. रेल्वेतले दोघं भाऊ निवृत्त. शाळेचा उपमुख्याध्यापक निवृत्त. लॉर्नने एकेकाळी स्वतःलाही फाईलमध्ये घातलं होतं, गोलकीपर म्हणून. तोही निवृत्त.

"रेमंड कोस्किनेन यांनी खेळातून निवृत्ती जाहीर केली," रेमंडने मोठ्याने वाचलं. "मी? कधी जाहीर केली? मला कोणी विचारलं?"

मग बातम्या थांबल्या आणि नव्या हंगामाचं पान उघडलं. वर एक चौकट होती: "या हंगामात सर्वांचं लक्ष ज्याच्याकडे आहे तो खेळाडू: आर्वो रुस्का." तो आता वीस वर्षांचा झाला होता. पुढे नोकरी न लिहिलेला तो एकटाच संपूर्ण लीगमध्ये उरला होता.

क्लेटन हसायला लागला आणि मध्येच थांबला. "ठीक आहे," तो म्हणाला. "नवी लीग सुरू करू. पहिल्यापासून. जुना एडिटर तुझ्याकडे आहे ना? नवी लीग सुरू करताना त्याची फाईल नव्यातही चालते. फाईलमध्ये सगळ्यांच्या नोकऱ्या पुसून टाक. कोणी निवृत्त होणार नाही. पुढच्या गुरुवारी पहिला सामना."

सगळ्यांनी लॉर्नकडे पाहिलं. करता येण्यासारखं होतं. एका दुपारचं काम.

"नाही," लॉर्न म्हणाला.

"का?"

"रेमंड अठ्ठावीस वर्षं कागद गिरणीत आहे. रात्रपाळी करून येतो आणि खेळतो. तो बेकार आहे असं मी लिहिणार नाही."

"लिही ना बाबा!" रेमंड म्हणाला. "मी सांगतो, लिही! माझी काही हरकत नाही!"

"माझी आहे. चूक त्यांची आहे. त्यांची चूक चालावी म्हणून माझ्या फाईलमध्ये मी खोटं घालणार नाही. तिथे एकच खोटा माणूस आहे आणि तो पुरे आहे."

"आणि लीग?" क्लेटनने विचारलं. त्याच्या आवाजात आता थट्टा नव्हती. "गुरुवारी मी काय करू, लॉर्न? तिकडे विमानतळावर हेडफोन लावून कोणाशी बोलू?"

लॉर्नने लॅपटॉप मिटला आणि हिल्काकडे दिला. भोंगा वाजला. पुढचा संघ दाराशी स्केट बांधून उभा होता आणि बर्फ अजून खरबरीत होता. तो खिशातून गाडीची किल्ली काढत दाराकडे निघाला.

"मग निदान माझा वेग तरी बघ!" रेमंड त्याच्या मागून ओरडला. "आता काय फरक पडतो तुला?"

लॉर्न वळला नाही.

"सात," तो म्हणाला.